मदत हवी आहे : आईच्या मोतीबिंदूसाठी कोणती लेन्स?

आई ६८ वर्षांची, मधुमेह जुना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. फेको (बारीक छेदातून अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढायची शस्त्रक्रिया) करायचं ठरलंय, प्रश्न डोळ्यात बसवायच्या लेन्सचा आहे.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मल्टिफोकलचा (जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसणारी लेन्स) फारच आग्रह धरला. चष्माच लागणार नाही म्हणे. किंमत मात्र साध्या मोनोफोकलच्या (एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसणारी) कितीतरी पट. मी जे वाचलंय त्यानुसार मल्टिफोकलमध्ये रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, कॉन्ट्रास्टही थोडा कमी होतो, आणि मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) परिणाम झाला असेल तर ती शक्यतो टाळतात. आईच्या पडद्याची तपासणी (बाहुली मोठी करून) झाली, पण ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) केलेलं नाही. ते आधी करून घ्यायला सांगावं का?

तिचं सगळं काम जवळचं: पोथी, निवडणं-टिपणं, शिवण. गाडी चालवत नाही. वाचायला चष्मा लावायची तिची अजिबात ना नाही, त्यामुळे मला मोनोफोकलच बरी वाटते. कुणी मोनोफोकल जवळच्या नजरेसाठी बसवून घेतलीय का? मग लांबचं पाहायला चष्मा लावणं जड जातं का?

मामा म्हणतात, अजून पिकू दे. ते जुन्या पद्धतीचं झालं. फार पिकलेला मोतीबिंदू फेकोला उलट अवघड जातो, हे त्यांना कोण पटवणार!

मधुमेह असताना शस्त्रक्रिया झालेल्यांचे अनुभव हवेत, विशेषतः नंतर पडद्याला सूज आली होती का आणि थेंब किती काळ चालले. आयुर्वेदिक थेंब कृपया सुचवू नका, मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही.