भाडेकरूला सरकारी मदत का नाही?

शुक्रवारपेठकर:
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे. हातात १६ हजार येतात, त्यातले ४,८०० खोलीभाड्याला जातात, लाईट बिल वेगळं. खोली पंचगंगेच्या पुराच्या भागात आहे. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका. आम्ही ३९ लाच बोचकी बांधायला घेतो. २०१९ ला पाणी खोलीत शिरलं, २०२१ ला परत. खिडकीच्या खाली त्या पाण्याची मातकट रेघ आहे, दोनदा चुना मारला तरी वर येते.

पंतप्रधान आवास योजनेची चौकशी केली. स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. पहिलाच प्रश्न आला, प्रॉपर्टी कार्ड आहे का? नाही. मग कर्जावरच्या व्याजाची सवलत, ती नव्या योजनेत १ लाख ८० हजारांपर्यंत आहे. बँक म्हणाली सॅलरी स्लिप आणा. ठेकेदार पगार रोख देतो, स्लिप कुठली आणू?

ज्याची जागा नाही आणि ज्याला कर्ज मिळत नाही, तोच खरा गरजू. वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या भाडेकरूंच्या खात्यात महिना दीड हजार थेट द्या, असं माझं म्हणणं आहे.

राजारामपुरीची घरमालकीण:
दादा, तुमची अडचण खरी आहे, पण उपाय पटत नाही. मिस्टर गेल्यापासून दोन खोल्यांच्या भाड्यावरच माझं घर चालतं. सरकारनं दीड हजार दिले की पुढच्या अकरा महिन्यांच्या कराराला सगळे भाडं हजारानं वाढवतील. मीही वाढवीन, खोटं कशाला बोलू? घरपट्टी, पाणीपट्टी, रंगकाम मलाही चुकलेलं नाही. पैसा तुमच्या हातातून आमच्याकडे येईल आणि खोल्या तेवढ्याच राहतील.

हातकणंगले:
मला गावात घरकुल मिळालं, १ लाख २० हजार. हप्ता बांधकाम बघून पडतो. लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत काम आलं, फोटो काढून नेला आणि पुढचा हप्ता यायला चार महिने लागले. पोरंबाळं घेऊन ताडपत्रीखाली राहिलो, मेव्हण्याकडनं उसने घेतले. पण आज डोक्यावर स्लॅब आहे. भाड्याला दिलेला पैसा महिन्याला संपतो. त्यापेक्षा जागा नसलेल्याला जागा द्या.

शुक्रवारपेठकर:
भावा, कोल्हापुरात गुंठ्याचा भाव काय चाललाय ते तुला माहीत आहे. जागा मिळेपर्यंत मी राहायचं कुठं?

ताई, भाडं वाढेल हे मान्य. म्हणून नोंदणी केलेल्या करारावरच मदत द्यावी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. आमच्या गल्लीत सगळं तोंडी चालतं. पुरानंतर पंचनाम्याला आले तेव्हा मी इथंच राहतो हे दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता.

आणि सरकार भाडं देतच नाही असं नाही. २०१९ च्या पुरात घर पडलेल्यांसाठी शहरात ३६ हजार आणि गावात २४ हजार जाहीर झाले होते. ज्याचं घर पडलं त्याला मिळतं, ज्याला घरच नाही त्याला का नको?

नागाळा पार्क:
मी पैसे वाटण्याच्या विरोधात आहे, मदतीच्या नाही. १९०१ पासून शाहू महाराजांनी याच गावात बोर्डिंगं उभी केली. खेड्यातल्या पोरांना भाड्याचे पैसे न देता राहायची सोय करून दिली, म्हणून कित्येक घरं शिकली. एमआयडीसीजवळ महापालिका आणि उद्योजकांनी मिळून कामगारांसाठी भाड्याच्या चाळी बांधाव्यात. केंद्रानं २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणलीच आहे. खोल्या वाढल्या तर ताईंनाही भाडं वाढवता येणार नाही.

राजारामपुरीची घरमालकीण:
ते बरोबर. करार नोंदवायलाही मी तयार आहे. मागच्या भाडेकरूनं सात महिने खोली सोडली नाही, तेव्हा माझ्याकडेही कागद नव्हता. दादा, पुराच्या भागातून उठायचं तर नेमकं कुठं अडतंय?

शुक्रवारपेठकर:
डिपॉझिटला, ताई. तुमच्या भागात २५ हजार मागतात. महिन्याचं भाडं मी ओढूनताणून भरीन, पण एकदम २५ हजार माझ्याकडे नाहीत. महिना दीड हजार देणं जमत नसेल तर सरकारनं निदान तेवढं बिनव्याजी द्यावं, मी हप्त्यानं फेडतो. जूनच्या आत खोली बदलायची आहे.