‘जाल्लो’ : उच्चार, अर्थ आणि मराठीतील वापर

इटालियन रहस्यपटांविषयी मराठीत लिहिताना हा शब्द ‘गिआलो’, ‘गियालो’, ‘जालो’ अशा निरनिराळ्या रूपांत लिहिला जाऊ शकतो. रोमन लिपीतील त्याच्या ‘आय’ या अक्षराचे काम आधीच्या ‘जी’चा उच्चार ‘ज’ करण्यापुरतेच असून त्याला स्वतंत्र उच्चार नाही, आणि त्यातला ‘ल’ स्पष्ट द्वित्त आहे. त्यामुळे ‘जाल्लो’ हेच लेखन मूळ उच्चाराच्या सर्वांत जवळचे ठरते. हा ‘ज’ ‘जीव’ शब्दातला तालव्य आहे, ‘जाळे’ शब्दातला नव्हे.

शब्दाचा मूळ अर्थ ‘पिवळा’. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने 1929 मध्ये पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकादंबऱ्यांची माला सुरू केली. तिच्यात इंग्रजी-अमेरिकन लेखकांचे अनुवाद भरपूर असत आणि ती इतकी लोकप्रिय झाली, की रंगाचे नाव साहित्यप्रकारालाच चिकटले. आजही इटालियन माणूस अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीला जाल्लो म्हणतो, आणि वर्तमानपत्रे न उलगडलेल्या खऱ्या खुनालाही तेच नाव देतात. त्या अर्थाने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथाही जाल्लोच ठरतील. इटलीबाहेरच्या चित्रपटरसिकांनी मात्र अर्थ पुष्कळच आवळला. त्यांच्या लेखी जाल्लो म्हणजे मुख्यतः 1960 आणि 1970 च्या दशकांतले, काळे हातमोजे घातलेल्या अज्ञात खुन्याचे, खुनाचे प्रसंग अतिशय सजवून दाखवणारे इटालियन चित्रपट. मराठीत लिहिताना यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे एकदा सांगून टाकावे.

‘पिवळा चित्रपट’ असे भाषांतर मात्र मुळीच करू नये. मराठीत ‘पिवळे पुस्तक’ म्हणजे अश्लील पुस्तक, हा अर्थ इतका रूढ आहे, की वाचक सरळ भलतीकडे जाईल.

अधिक अवघड आहे तो ‘एक्स्प्लॉइटेशन’ हा शब्द, कारण यांतले बरेच चित्रपट त्याच वर्गात टाकले जातात. ‘शोषणपट’ म्हटले, की शेतमजुरांच्या किंवा कामगारांच्या पिळवणुकीवरचा गंभीर चित्रपट डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन चित्रपटव्यवसायात सुरुवातीला या शब्दाचा अर्थ ‘चित्रपटाची जाहिरातबाजी’ एवढाच होता. पुढे हिंसा, लैंगिकता किंवा अन्य निषिद्ध विषयाच्या आकर्षणावर कमी खर्चात पैसा मिळवणाऱ्या चित्रपटांना तो लागला. म्हणजे येथे पिळून काढले जाते ते प्रेक्षकाचे कुतूहल. मला ‘गल्लाभरू’ हा आपल्याकडे रुळलेला शब्द त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो. तो मोठ्या खर्चाच्या निर्मळ करमणुकीलाही लावला जातो, ही त्याची उणीव खरी, पण ‘भडक गल्लाभरू’ म्हटल्यास ती बरीचशी भरून निघते.

इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाचा 1964 चा चित्रपट ‘सेई दोन्ने पेर लास्सास्सीनो’ हे याचे उत्तम उदाहरण. नावाचा अर्थच ‘खुन्यासाठी सहा स्त्रिया’ असा आहे, आणि जाहिरातीला लागणारे सगळे त्या एका नावात आले आहे. फॅशनगृहातील मॉडेलांचे एकामागून एक होणारे खून, चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा आणि तुटपुंजा पैसा, असा हा मामला; तरीही गडद लाल, हिरव्या, जांभळ्या प्रकाशात बाव्हाने त्यातली प्रत्येक चौकट चित्रकाराच्या काळजीने रचली. खुनी कोण, यापेक्षा खून कसा दिसतो याला आलेले महत्त्व येथपासून ठळक झाले. पुढे 1970 मध्ये दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोच्या पहिल्या चित्रपटाला मोठे यश मिळाले आणि अशा चित्रपटांची रीघ लागली. अशा लाटेला इटालियनमध्ये ‘फिलोने’ म्हणतात. खाणीतली धातूची शीर हा त्याचा एक अर्थ असल्याने, सापडलेली शीर संपेपर्यंत खणत राहण्याची निर्मात्यांची रीत त्यातून नेमकी व्यक्त होते.

स्वागताविषयी लिहितानाही शब्द जपून वापरावेत. 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये आक्षेपार्ह व्हिडिओ कॅसेटींची जी यादी सरकारी अभियोक्त्यांनी केली, तिच्यात आर्जेंतोचा 1982 चा ‘तेनेब्रे’ होता. आज त्याच चित्रपटाचा गंभीर अभ्यास होतो. म्हणून ‘गल्लाभरू’ हे निर्मितीच्या पद्धतीचे वर्णन म्हणून वापरावे, गुणवत्तेचा निकाल म्हणून नव्हे. गुणवत्तेबद्दल बोलायचे असेल तेव्हा ‘सुमार’, ‘बटबटीत’ हे शब्द आहेतच, आणि बाव्हाच्या या चित्रपटाला त्यांपैकी एकही लागू पडत नाही.

अनेकवचनाबाबत माझे मत असे, की इटालियन ‘जाल्ली’ हे रूप मराठीत आणू नये. ‘दोन जाल्लो पाहिले’ हे आपल्या वाक्यात सहज बसते.