अनुभव धागा : अमेरिकेत गेलेल्या नातेवाइकांच्या नागरिकत्वाचे कागद

वंशावळ लिहायला घेतली की 'अमेरिकेला गेले' या दोन शब्दांपाशी घोडं अडतं. ज्यांनी त्यापुढचे कागद मिळवले, त्यांनी कुठे शोधलं आणि काय हाती लागलं ते जरूर लिहा. सुरुवात मी करते.

माझे चुलत आजोबा १९१२ च्या सुमारास शिकायला कॅलिफोर्नियात गेले आणि तिकडचेच झाले. 'ते लगेच अमेरिकन झाले' असं घरात सगळेच सांगायचे, म्हणून १९२०-३० च्या सूच्या चाळल्या. नाव नाही. मग लक्षात आलं की ते असणंच अवघड होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं, आणि ही वाट १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने मोकळी झाली. १९४० मध्ये परकीयांची सक्तीची नोंदणी झाली, तिच्यात ते सापडले. अर्ज मिळाला तो १९४६ नंतरच्या फेडरल जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात, नॅशनल आर्काइव्हजमध्ये. त्याआधी भरलेल्या 'डिक्लरेशन'वर, म्हणजे नागरिक व्हायचा इरादा कळवणाऱ्या पहिल्या कागदावर, फोटो आहे, उंची-वजन आहे, आणि ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण नोंदवला आहे. तो व्रण घरात कुणालाच ठाऊक नव्हता! शिवाय बोटीचं नाव, उतरल्याची तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातले एक साक्षीदार त्यांचे शेजारी निघाले. आता त्यांच्या घरच्यांचा शोध चालू आहे.

*

माझ्या नवऱ्याचं आजोळ आयरिश. पणजीआजीच्या नावाचा कागद कुठेच मिळेना, कारण १९२२ च्या केबल कायद्याआधी नवऱ्याला नागरिकत्व मिळालं की बायकोलाही आपोआप मिळायचं. तेव्हा बायकांसाठी नवऱ्याची फाइल शोधा. पणजोबांची १९०६ पूर्वीची होती, काउंटी कोर्टातली, आणि तिच्यात नाव आणि 'आयर्लंड' एवढंच. त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत ठरावीक नमुना नव्हता, प्रत्येक कोर्टाची आपली पद्धत. पण १९०० च्या जनगणनेत त्यांच्या नावापुढे 'एनए' लिहिलेलं असल्यामुळे शोध सोडला नाही. एनए म्हणजे नागरिकत्व मिळालेलं, 'पीए' म्हणजे पहिले कागद भरलेले, 'एएल' म्हणजे परकीय. हा रकाना आधी बघा, बरीच वणवण वाचते.

*

कोर्टाचा पत्ताच लागत नसेल तर इमिग्रेशन खात्याच्या वंशावळ विभागाकडून 'सी-फाइल' मागवता येते. सप्टेंबर १९०६ ते मार्च १९५६ या काळातल्या नागरिकत्वाच्या प्रकरणांची एक प्रत तिथे जमा आहे, तीच ही फाइल. व्यक्तीचा जन्म शंभर वर्षांच्या आतला असेल तर मृत्यूचा पुरावा जोडावा लागतो. फी आहे, वाटही बघावी लागते, पण आमच्या मामांच्या फाइलमध्ये त्यांचा स्वहस्ताक्षरातला अर्ज मिळाला. पैसे वसूल.

*

धागाकर्त्या ताईंच्या मुद्द्याला जोडून. १९२३ पूर्वी काही भारतीयांना नागरिकत्व मिळालंही होतं. थिंड निकालानंतर सरकारने ते रद्द करायला दावे लावले. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांना ते १९१४ मध्ये मिळालं होतं. त्यांच्याविरुद्धचा दावा ते लढले आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयातही जिंकले. बाकीच्या कित्येकांचं गेलं. म्हणून त्या काळातलं प्रमाणपत्र मिळालं तरी तिथेच थांबू नका. त्याच जिल्ह्याच्या कोर्टात रद्दीकरणाचा दावा आहे का, तेही पाहा. आणि नाव शोधताना वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकूनही बघा. आमच्याकडे नोंद तशीच सापडली.