प्रति: पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच

कॉम्प्युटर चालू होतो, ग्राफिक्स कार्डाचे (स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या भागाचे) पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काही येत नाही, असं तुम्ही विचारलंय. पंखे फिरतायत म्हणजे कार्ड ठीक, असं वर कुणीतरी म्हटलंय. तसं नसतं. पंखे फिरले म्हणजे वीज पोचतेय एवढंच कळतं, तीही पुरेशी असेलच असं नाही. मदरबोर्डावर (मुख्य सर्किट बोर्डावर) कार्ड ज्या खाचेत बसतं, त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून फार तर ७५ वॅट मिळतात. बाकीची वीज पॉवर सप्लायकडून येणाऱ्या ८ पिनच्या कनेक्टरमधून यावी लागते, १५० वॅटपर्यंत. तो नीट खटका लागेपर्यंत बसवा. आणि प्रोसेसरची ४+४ पिन वायर तिथे कोंबू नका, दिसते तशीच पण जोडणी उलटी असते.

तुम्ही प्रोसेसर आय५-१२४००एफ लिहिलाय. 'एफ'वाल्यांत अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डाला लावायचा वरचा सल्ला तुमच्या कामाचा नाही. तिथे काळंच दिसणार. मॉनिटरची केबल आत्ताही चुकून मदरबोर्डालाच नाही ना? (हसू नका, भल्याभल्यांचं होतं.) खरी परीक्षा म्हणजे हेच कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावणं.

मदरबोर्डावर बिघाड कुठे आहे ते दाखवणारे छोटे दिवे असतील तर कुठला पेटून राहतो ते सांगा. व्हीजीएचा (म्हणजे ग्राफिक्सचा) असेल तर पुढे बोलू. डीरॅमचा (म्हणजे रॅमचा) असेल तर कार्डाच्या मागे लागू नका, रॅमची एकच स्टिक लावून बघा.