‘पुण्याला एका चार्जमध्ये जाईल का?’ : बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, शनिवार रात्र

गिरीश (ए-१०३): नमस्कार मंडळी. दसऱ्याला इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं घरात जवळजवळ ठरलंय. रोज उद्यमबाग जाऊन-येऊन, महिन्यातनं एकदा पुणे (मुलगी शिकते तिथं), अधनंमधनं गोवा आणि खानापूरकडं शेत. शोरूमवाला म्हणतो एका चार्जमध्ये साडेचारशे किलोमीटर जाते. खरं किती? आणि मोटर पुढच्या चाकांना असलेली घ्यावी, मागच्या, की चारी? ज्यांच्याकडं आहे त्यांनी सांगा.

ओंकार (सी-४०१): काका, चारी चाकांची. डोळे झाकून.

वीणा वहिनी (बी-३०४): बी विंगला काल रात्री पाणी आलं नाही, त्याचं आधी कुणी सांगेल का?

सेक्रेटरी काका: मोटरचा स्टार्टर गेला होता वहिनी, दुपारी बदलला. गाडीची चर्चा चालू द्या, फक्त फॉरवर्ड नकोत.

विनायकदादा (बी-२०२): गिरीश, साडेचारशेचा आकडा खोटा नाही, पण तो तुझ्या कामाचा नाही. चाचणी होते ती एमआयडीसी पद्धतीनं. कागलची एमआयडीसी नव्हे रे बाबा, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. गाडी लॅबमधल्या रोलरवर, एसी बंद, वेग ९० च्या वर जातच नाही. आपल्या हायवेला ९० वर कोण थांबतंय?
माझी बॅटरी ४५ युनिटची आहे, गाडी पुढच्या चाकांची. कारखान्यातली सवय, वहीत लिहून ठेवतो. गावात एका युनिटला आठ किलोमीटर. हायवेला ८० नं साडेसात, १०० नं सहा. शंभर टक्क्यांवरनं दहावर यायचं म्हटलं तर हातात ४० युनिट. आता तूच गुण.

गिरीश: १०० नं २४० किलोमीटर. म्हणजे कसाबसा सातारा!

विनायकदादा: आणि ८० नं ३००. पुणे ३४० धर. म्हणजे कसंही गेलास तरी एकदा थांबायचंच. मग ३० मिनिटं थांबायचं की ५० मिनिटं, एवढाच प्रश्न.

वीणा वहिनी: पेट्रोलच्या गाडीला असलं काही नाही बाई. आमची १०० नं जाऊ दे नाहीतर ८० नं, पुणं येतंच.

विनायकदादा: तिथंही होतं वहिनी, फक्त दिसत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटांची ऊर्जा असते. माझी अख्खी बॅटरी म्हणजे पाच लिटर पेट्रोल! तुमच्या टाकीत ३५-४० लिटर मावतं. इंजिन त्यातलं निम्म्याच्या कितीतरी वर रेडिएटर आणि सायलेन्सरमधनं गरम हवा करून सोडून देतं. त्यात वेगानं आणखी चार थेंब गेले तर कुणाला कळणार? आमच्याकडं शिधाच पाच लिटरचा. मोटर चोख आहे म्हणून त्यात तीनशे जाते, पण चिमूटभर सांडलं तरी काटा सांगतो.
सांडतं ते हवेत. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरनं १०० केलं तर वेग सव्वापट, अडथळा दीडपटीच्याही वर, ५६ टक्के जास्त. आणि गिरीश, शेतावरनं येताना तू टपावर कॅरियर लावून तांदळाची पोती आणतोस ना, ती आता डिकीत. वजनापेक्षा टपावरचा अडथळा जास्त खातो.

गिरीश: दादा, डिकी केवढी असते त्यात 😄

बसवराज अण्णा (ए-२०४): काय ओ विनायक, गेल्या मे महिन्यात तुम्ही रात्री अडीचला आलासा ना? मी स्वतः बघितलो गेटवर. ते सांगा की आधी.

विनायकदादा: सांगतो. लपवण्यासारखं काय आहे.
पुण्याहून येत होतो. कराडच्या अलीकडं एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे, ॲपवर हिरवा दिसत होता. पोचलो तेव्हा २३ टक्के. चार्जिंगच्या दोन गन, एक मेलेली, दुसरीला एक गाडी लागलेली आणि तिच्यामागं आणखी एक. हॉटेलवाला म्हणाला, ‘साहेब, ती आठ दिवस बंदच आहे.’ ॲपला काय पत्ता! पुढचा चार्जर पन्नासेक किलोमीटरवर. एसी बंद केला, काचा वर, वेग ६०, आणि एका ट्रकच्या मागं लागलो. बायको लग्नपत्रिकेनं वारा घालत होती, धाकटा दर दोन मिनिटाला टक्का वाचून दाखवत होता. ‘बाबा चौदा. बाबा चौदाच. बाबा तेरा.’ अकरावर गन लागली.
तेव्हापासनं ठरवलंय, ३५ टक्के असतानाच पहिल्या चार्जरला वळायचं. तिथं बंद असला तर दुसऱ्याला जायला बळ पाहिजे. शोरूमच्या रेंजमधनं हे वजा करूनच धरायचं.

बसवराज अण्णा: तेच म्हणालो. ह्याच्यात टेन्शन हाय.

विनायकदादा: त्या दिवशी होतं. नंतर एकदाही नाही.

वीणा वहिनी: आणि गोवा? चोर्ला घाटात चढ संपत नाही. तिथं बंद पडली तर जंगलात बसायचं का?

विनायकदादा: उलट वहिनी, गोवाच सगळ्यात सोपा. पणजी सव्वाशेच्या आतबाहेर. घाटात उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटर होते, बॅटरी भरायला लागते. ब्रेकला पायही लागत नाही. जाताना माझी १३ युनिट लागली, येताना १९-२०. दोन्ही मिळून बॅटरीच्या पाऊणपटीच्या आत.
हिशेब करून बघितला मी. गाडी अधिक आम्ही चौघं अधिक काजू-फणसाचं सामान, १८०० किलो. एवढं वजन ७०० मीटर वर उचलायला साडेतीन युनिट. घाट म्हणजे एवढाच! कागदावर मांडल्यावर भीती गेली. मोटर-टायरमधली गळती धरली तरी चार.

ओंकार: पण दादा, फुल चार्ज करून घाट उतरायचा नसतो ना? व्हिडिओत बघितलं. बॅटरी भरलेली असली तर रिजन (उतरताना परत चार्ज होणं) होत नाही.

विनायकदादा: बरोबर आहे, घाटमाथ्यावर राहणाऱ्यासाठी. आपण इथनं निघून जांबोटी, कणकुंबी करत जाईपर्यंत पंधरा टक्के कमी झालेली असते. जागा होते आपोआप. आंबोलीचंही तेच. रात्री शंभर करून निघ, काही होत नाही.

गिरीश: आता चाकांचं सांगा की दादा. ओंकार म्हणतो चारी.

ओंकार: हॅरियर ईव्हीचं बघा काका. ७५ युनिटची बॅटरी, मागच्या चाकांची ६२७ दाखवते आणि चारी चाकांची ६२२. पाच किलोमीटरचा फरक! मग का नाही घ्यायची?

विनायकदादा: आकडे बरोबर आहेत तुझे, शाब्बास. फरक कमी का, ते सांगतो. पुढच्या मोटरमध्ये चुंबक नाहीत, इंडक्शन आहे. करंट दिला नाही तर ती नुसती फिरते, गाडीला ओढून धरत नाही. सरळ रस्त्याला मागचीच राबते. आमच्या लेथची मोटर इंडक्शनच, बंद केली की हातानं चक फिरतो बघ. पण पाच किलोमीटर रोलरवरचे हां. तू दोन मोटरींची गाडी घेऊन ८० नं जाणार आहेस का? आणि दुसऱ्या मोटरचे पैसे कुठं जातात? तेवढ्यात गिरीशला मोठी बॅटरी येते.

गिरीश: मग पुढची की मागची?

विनायकदादा: त्याचं उत्तर आपल्या बेसमेंटच्या उतारावर आहे. जुलैत शेवाळ धरलं होतं ना? मी सकाळी बाहेर काढताना पुढची चाकं जाग्यावर फिरली. कर्र आवाज, डॅशवर पिवळा दिवा, आणि गाडी हातभर मागं. चढाला वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात. त्यात इलेक्ट्रिकचा जोर पहिल्याच इंचाला येतो, पेट्रोलसारखा हळूहळू नाही. ट्रॅक्शन कंट्रोलनं (चाक घसरायला लागलं की आवरणारी यंत्रणा) जोर काढून घेतला, मग चढली. त्याच दिवशी डी विंगमधली बीई ६ (मागच्या चाकांची) गेली सरसर वर. मी बघत उभा.

ओंकार: म्हणजे मागची बेस्ट!

विनायकदादा: थांब. ब्रेक लावताना वजन पुढं येतं. त्यामुळं रिजन करायला पुढची चाकं बरी, भरपूर पकड असते. मागच्या चाकांच्या गाडीला ओल्या वळणात जोरात रिजन दिलं तर शेपूट हलू शकते, म्हणून पावसात एक लेव्हल कमी ठेवायची. कंपन्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतं, पण तरी.
गिरीशसाठी माझं मत: उद्यमबाग आणि पुणे हे नव्वद टक्के काम. त्याला पुढच्या चाकांची पुरते, विंडसरसारख्या गाड्याही पुढच्याच चाकांवर चालतात. खानापूरच्या लाल चिखलात मात्र शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला चाकापेक्षा टायर आणि पोटाखालची उंची मोजा. गुळगुळीत टायर असले तर चारी चाकं मिळून एकत्र फिरतात, एवढाच फरक.

बसवराज अण्णा: शेतापर्यंत ट्रॅक्टरनं जावा की ओ. आमचा हाय, भाडं घेणार नाही.

गिरीश: 🙏 अण्णा, शब्द दिलात हां. पाहिजे तर कुंदा आणून देतो बदल्यात.

सेक्रेटरी काका: आता माझं ऐका. चार्जिंग कुठं करणार? गेल्या महिन्यात कॉमन मीटरवरनं पंधरा अँपचं सॉकेट वापरल्याची तक्रार आली होती. नाव घेत नाही.

विनायकदादा: नाव घ्या, मीच. दोनच दिवस, आणि पैसे दिलेत. पण काका बरोबर आहेत. गिरीश, हेस्कॉमकडं (आपली वीज कंपनी) स्वतःचं मीटर आणि लोड मागून घे, पार्किंगपर्यंत वेगळी केबल, अर्थिंग नीट. पंधरा अँपवर ४५ युनिट भरायला रात्र पुरत नाही, चौदा-पंधरा तास. ७.२ किलोवॅटचा बसवलास तर साडेसहा. रोज उद्यमबागला जाण्याएवढं मात्र साध्या सॉकेटवर दोन तासात भरतं, त्यामुळं घाई करू नकोस.

वीणा वहिनी: ते शेवाळाचं काय झालं? माझी स्कूटी पण घसरली होती त्या उतारावर. मी तेव्हा पण लिहिलं होतं, कुणी उत्तर दिलं नाही.

सेक्रेटरी काका: वहिनी, माणूस सांगितला होता, आला नाही.

विनायकदादा: माणूस कशाला. ब्लिचिंग पावडर माझ्याकडं आहे.

सेक्रेटरी काका: ठीक. उद्या रविवार, सकाळी ८ वाजता बेसमेंटचा उतार. तारेचे ब्रश दोनच आहेत, बाकीच्यांनी आपापले आणावेत. ओंकार, तू नक्की.

ओंकार: काका मी उद्या पुण्याला…

बसवराज अण्णा: बस दुपारची हाय तुझी. मीच तिकीट काढलो.