रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला एकच गाडी: आर७, आरएस ६६० की झेडएक्स-६आर?

उजवं_वळण

सध्या एका सिलिंडरची लहान बाइक आहे. आता एकच मोठी घ्यायची आहे आणि तिनेच दोन्ही कामं करायला हवीत: रोजचं ऑफिस आणि महिन्यातून एखादा ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचा दिवस). ट्रॅकवर गाडी चालवतच न्यायची आणि चालवतच परत आणायची, टेम्पोत घालून न्यायची सोय नाही. हेल्मेट आणि लेदर सूट धरून माझं वजन ८८ किलो भरतं.

यादी तीन गाड्यांवर आली आहे: यामाहा आर७, एप्रिलिया आरएस ६६०, कावासाकी झेडएक्स-६आर. कागदावरचे आकडे पाठ झालेत, ते नकोत. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एवढंच सांगा: ट्रॅफिकमध्ये मनगटं आणि उष्णता यांचं काय, कंपनीचं सस्पेन्शन आणि ब्रेक ट्रॅकवर कुठपर्यंत पुरतात, आणि पहिल्या ट्रॅक डेच्या आधी काय बदलणं अटळ आहे?

दोन_सिलिंडर

आर७बद्दल लिहितो. २०२१ला आलेल्या पहिल्या पिढीची, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागच्या जागी घसरू न देणारी सोय) नसलेली.

इंजिन रस्त्यासाठीच बनलंय असं वाटतं. ६७ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क ६,५०० आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे शहरात तिसरा गिअर टाकून विसरून जा. ट्रॅकवर याचा फायदा निराळा: वळणातून बाहेर पडताना एखादा गिअर चुकीचा असला तरी गाडी खेचून नेते. ताकद ७३ पीएस, म्हणजे लांब सरळ पट्ट्यावर मोठ्या गाड्या पुढे जाणारच. पण वेळ कुठे वाचवायचा हे ही गाडी शिकवते: ब्रेक उशिरा, वळणातला वेग जास्त, थ्रॉटल लवकर.

आता मनगटं. क्लिप-ऑन (फोर्कच्या नळ्यांवर बसणारे हँडलचे दोन सुटे भाग) वरच्या क्लॅम्पच्या खाली आहेत, त्यामुळे बसणं खरोखरच वाकून. वेगात छातीवर वारा आला की हातावरचा भार हलका होतो, पण गाड्यांच्या रांगेत सगळं वजन तळहातांवर येतं. उपाय पोटाच्या आणि मांड्यांच्या स्नायूंत आहे. टाकीला दोन्ही बाजूंनी ग्रिप पॅड चिकटवा आणि गुडघ्यांनी टाकी धरा. लिव्हर थोडे खाली फिरवून घ्या, म्हणजे कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत येतात. रोज तासभर ट्रॅफिक असेल तर एवढं करूनही ही गाडी तुम्हाला आवडणार नाही, हे आधीच ऐकून ठेवा. उष्णतेचा त्रास मात्र नगण्य.

पुढचा फोर्क पूर्ण ॲडजस्टेबल आहे. मागच्या शॉकला प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची) आणि रिबाउंड (दबलेला शॉक किती वेगाने उघडतो) बदलता येतो, पण स्प्रिंग मऊ. ८८ किलोला ती नक्कीच कमी पडेल. प्रीलोड पिळत राहून हे सुटत नाही, स्प्रिंगच बदलावी लागते. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारा भाग) वेगळा घ्यावा लागतो आणि तो फक्त वर जाताना चालतो. फूटपेगच्या टोकाला खाली लोंबणारे लांब बोल्ट ट्रॅकवर सगळ्यात आधी घासतात, ते काढूनच जा. टाकी १३ लिटरची, त्यामुळे ट्रॅकवर पोचताना पंप कुठे आहे ते पाहून ठेवा.

चौदा_हजार

झेडएक्स-६आरची बाजू. हिचा टॉर्क येतो ११ हजारांच्या आसपास आणि ताकद १३ हजारांना. ऑफिसच्या वाटेवर तुम्ही चार-पाच हजारांवर असता, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तो भाग झोपलेलाच राहतो. पहिल्याच गिअरमध्ये शंभरच्या पुढे जाते, तेव्हा रस्त्यावर तिचा आवाज पूर्ण ऐकायला मिळणं अवघड. २०१९पासून पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १६ऐवजी १५ दातांचं दिलंय, त्यामुळे खालचा पिकअप सुधारलाय, एवढाच दिलासा. पंखा सुरू झाला की गरम वारा सरळ मांड्यांवर.

‘नवख्याने सहाशेची चार सिलिंडर घेऊ नये’ हे सगळीकडे वाचाल. कारण मात्र चुकीचं सांगतात. खालच्या आरपीएमला ही गाडी अगदी सौम्य आहे. अडचण सरळ पट्ट्याच्या शेवटी येते. तिथे वेग आर७पेक्षा बराच जास्त असतो, म्हणजे ब्रेकचं काम जास्त, ब्रेक ऑइल जास्त तापतं, टायर लवकर संपतो आणि चुकीला जागा कमी. पुढचा फोर्क आणि मागचा शॉक दोन्ही पूर्ण ॲडजस्टेबल आहेत, त्या बाबतीत तिन्हींत हीच पुढे. ट्रॅक आधी आणि ऑफिस नंतर असेल तरच घ्या.

अर्धा_क्लच

आरएस ६६०चे क्लिप-ऑन वरच्या क्लॅम्पच्या वर आहेत. तुमचा पहिला प्रश्न इथेच निम्मा सुटतो. सुरुवातीच्या मॉडेलला १०० अश्वशक्ती, तेल-पाणी भरून १८३ किलो, क्विकशिफ्टर दोन्ही दिशांना, आणि गाडी किती झुकली ते ओळखणारं एबीएस व ट्रॅक्शन कंट्रोल कंपनीकडूनच. रस्त्याचे मोड वेगळे, ट्रॅकचे वेगळे. ट्रॅकच्या मोडमध्ये डॅशबोर्डवर लॅप टाइम दिसतो. उलटा गिअर पॅटर्न (पहिला वर, बाकीचे खाली) हवा असेल तर क्विकशिफ्टर जसाच्या तसा चालतो, वेगळा भाग लागत नाही.

इंजिनाचा स्वभाव आर७सारखा नाही, इंजिनाची रचना (२७० अंशांचा क्रँक) दोन्हीकडे सारखी असली तरी. कमाल टॉर्क ८,५००ला, म्हणजे फिरवत ठेवावं लागतं. दोन्ही कामं हिलाच द्यायची तर पैसे जास्त जातात, आणि पडल्यावरचे पार्टही महाग आहेत. फेअरिंगचा भाव घेण्याआधीच विचारा. ट्रॅकवर जी गाडी पडली तर झोप उडेल ती नेऊ नये, एवढा एकच निकष पुरे आहे.

उजवं_वळण

धन्यवाद. आरएस आणि आर७ यांच्यात अडकलोय. सस्पेन्शनबद्दल ‘स्प्रिंग मऊ आहे’ हे ओळखायचं कसं? दुकानात फक्त प्रीलोड वाढवून देतात. आणि ब्रेकचं काय करायचं?

सॅग_आधी

ओळखायला मोजपट्टी आणि दोन माणसं लागतात.

मागचं चाक पूर्ण उचला, शॉक पूर्ण उघडू द्या. चाकाच्या ॲक्सलपासून वर सरळ रेषेत शेपटीवर एक खूण करा आणि ते अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर, कोणी न बसता. तिसऱ्यांदा तुम्ही सूट-हेल्मेट घालून बसलेले, पाय पेगवर, पुढून एक जण फक्त तोल धरून. घर्षणामुळे दर वेळी आकडा बदलतो, म्हणून एकदा गाडी दाबून हळू सोडा आणि मोजा, एकदा वर उचलून हळू सोडा आणि मोजा. दोन्हींची सरासरी धरा. पुढे फोर्कच्या नळीवर हेच करायचं.

पहिल्या मापातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्याला पुढे ३५ आणि मागे ३० मिमी ठीक. फक्त ट्रॅक असेल तर दोन्हीकडे पाच-पाच मिमी कमी. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडीच्या स्वतःच्या वजनाचा सॅग, आणि खरा निकाल इथे लागतो. मागचा रायडर सॅग ३० आणला, पण रिकाम्या गाडीचा सॅग शून्य ते पाच मिमी उरला, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि तुम्ही ती प्रीलोडने आधीच दाबून ठेवली आहे. अशी गाडी ब्रेक मारताना मागून उचकते, कारण शॉकला उघडायला जागाच राहत नाही. रिकामा सॅग १५च्या वर गेला तर उलट, स्प्रिंग कडक. पाच ते दहाच्या मध्ये असेल तर स्प्रिंग बरोबर. मागच्या शॉकवर प्रीलोड १ मिमी वाढवला की चाकाशी साधारण २ मिमी फरक पडतो, तेव्हा एकदम चार फेरे मारू नका.

सॅग झाल्याशिवाय डॅम्पिंगला (सस्पेन्शन किती वेगाने दबतं-उघडतं ते ठरवणाऱ्या स्क्रूंना) हात लावू नका. लावाल तेव्हा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या (आवळायचा नाही, आतली सुई खराब होते), तिथून क्लिक मोजत बाहेर या आणि आकडा लिहून ठेवा. एका वेळी एकच स्क्रू, दोन क्लिक. फोर्कच्या नळीला एक प्लास्टिकचा झिप टाय सैलसर बांधा, तो किती खाली ढकलला गेला त्यावरून फोर्कने किती ट्रॅव्हल (दबण्याची जागा) वापरला ते दिसतं. शेवटचे १० मिमी शिल्लक राहत असतील तर उत्तम.

ब्रेक. पहिल्या ट्रॅक डेआधी सगळ्यात अटळ बदल म्हणजे नवं ब्रेक ऑइल, तोही स्वस्तात होणारा. लिव्हर मऊ होत होत हँडलकडे यायला लागला, तर ऑइल उकळलंय. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत. पहिल्याला पॅड बदलून उपयोग नाही, दुसऱ्याला ऑइल बदलून. डॉट ४ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. जुनं ऑइल म्हणजे हा दुसरा आकडा. चांगलं रेसिंगचं ऑइल नवं असताना ३०० अंशांच्या वर टिकतं, पण तेही पाणी शोषतं, म्हणून बाटली फोडली की वापरून संपवायची. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र अजिबात घालायचं नाही. ५.१ चालतं, ५ नाही.

अर्ध्या लिटरची बाटली दोन्ही ब्रेकना पुरून उरते. रिझर्व्हॉयरमधलं जुनं ऑइल सिरिंजने काढा, नवं भरा, कॅलिपरच्या निपलला (ऑइल बाहेर सोडणाऱ्या तोटीला) पारदर्शक नळी लावा. लिव्हर दाबा, निपल उघडा, निपल बंद करा, मग लिव्हर सोडा, याच क्रमाने. रिझर्व्हॉयर तळाशी जाऊ दिलात तर हवा शिरते आणि सगळं पुन्हा. एबीएस युनिटमध्ये थोडं जुनं ऑइल अडकून राहतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर मागचा ब्रेक दाबून एबीएस दोन-तीनदा चालवा आणि पुन्हा थोडं ब्लीड करा, म्हणजे याच क्रमाने ऑइल काढा. कॅलिपर काढला असेल तर त्याचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, रेडियल कॅलिपरना साधारण ३५ न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

पॅड ३ मिमीच्या खाली असतील तर बदला. कायद्याने अजून चालतात, पण पातळ पॅड उष्णता थेट पिस्टनकडे पाठवतात. निव्वळ रेसचे पॅड घेऊ नका, थंड असताना धरत नाहीत आणि तुम्हाला त्यांच्यावरच घरी यायचंय.

दोन_सिलिंडर

वरच्या पोस्टला एक जोड: गाडी ट्रॅकसाठी तयार करणाऱ्यांनी ब्रेकचे रबरी होस बदलून स्टीलच्या जाळीचे घातले तर लिव्हर किती दाबतोय ते नीट कळतं. पण ते ऑइलनंतर, आधी नाही.

रबर_आणि_हवा

टायरबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून.

चालवत जायचं आहे म्हणजे वॉर्मरवर (टायर तापवणाऱ्या विजेच्या आवरणात) गरम करावे लागणारे टायर बाद. ते सकाळी थंड रस्त्यावर धोकादायक. रस्त्याचे स्पोर्ट टायर (बॅटलॅक्स एस२२ किंवा डायब्लो रोसो ४ या वर्गातले) पहिल्या काही ट्रॅक डेंना पुरेसे आहेत.

हवेचं गणित सोपं आहे. रस्त्यासाठी १८० रुंदीच्या मागच्या टायरला थंड ४२ पीएसआय लिहिलेलं असतं. टायर २५ अंशांवरून ७० वर गेला की तेच ५०च्या घरात जातं. टायर फुगलेला, जमिनीला टेकणारा पट्टा अरुंद, आणि गाडी घसरायला लागली की लोक दोष टायरला देतात. ट्रॅकवर पोचल्यावर, टायर थंड झाल्यावर, पुढे ३२ आणि मागे ३०पासून सुरू करा. थंड ३० असेल तर त्याच तापमानाला ३६-३७ होतं. सेशन संपल्या संपल्या, पिटमध्ये थांबताच मोजा आणि लिहा. दुपारी ऊन वाढलं की पुन्हा. प्रत्येक टायरची कंपनी गरम असतानाचा आकडा देते, तो मिळाला तर माझा विसरा. आणि परत निघण्याआधी रस्त्याची हवा भरा, नाहीतर ३०वर सामान घेऊन महामार्गावर टायर आतून तापतो. छोटा पंप आणि स्वतःचा गेज बरोबर ठेवा. दोन गेज सहसा एकच आकडा दाखवत नाहीत, म्हणून नेहमी तोच वापरायचा.

बाकी चटकन: आरसे काढा, दिव्यांवर टेप, चाकाच्या बॅलन्सिंगच्या वजनांवरही टेप. पुष्कळ ट्रॅकवर ग्लायकॉलचं कूलंट चालत नाही, सांडलं तर पुसलं तरी घसरण राहते. नियम आधी विचारा. चालत नसेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक. लिव्हरच्या क्लॅम्पचा बोल्ट इतकाच आवळा की जोराने ढकलल्यावर लिव्हर फिरेल, पडल्यावर तो तुटण्याऐवजी वळतो. एक जादा क्लच लिव्हर आणि गिअर लिव्हर बरोबर असू द्या. इन्शुरन्सचा कागद उघडून बघा, बहुतेक पॉलिसींत ट्रॅक वगळलेला असतो.

उजवं_वळण

आर७ घेतली तर गिअरिंग बदलावं का? पुढचं एक दात कमी केलं तर पुरे, असं बरेच जण म्हणतात.

चौदा_हजार

पुढचा एक दात कमी म्हणजे मागचे जवळपास तीन वाढवणं. आर७चं १६/४२ (पुढचे/मागचे दात) धरलं तर प्रमाण २.६३, १५/४२ला २.८०, १६/४५ला २.८१. दोन्ही साधारण ७ टक्के. पण लहान पुढच्या स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या हातावरच्या) रबरी पट्टीला जास्त घासते. सोय पुढची, शहाणपण मागच्या स्प्रॉकेटचं. मागचं मोठं केलं की चेनला एखादी जोडी दुव्यांची जादा लागू शकते, ते आधी मोजा.

आणि आत्ता बदलू नका. आधी एक ट्रॅक डे आहे तशीच चालवा आणि बघा: सरळ पट्ट्याच्या शेवटी वरच्या गिअरला रेडलाइनपासून किती दूर आहात, आणि सर्वांत हळू वळणातून कोणत्या गिअरने बाहेर पडता. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये अडकत असाल तरच. चेनची ढिलाई मॅन्युअलच्या वरच्या मर्यादेला ठेवा. स्विंगआर्म खाली-वर होताना तिन्ही केंद्रं, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्म जिथे फिरतो तो पिव्हट आणि ॲक्सल, एका रेषेत आली की चेन सगळ्यात घट्ट होते. घट्ट चेन शॉकला पूर्ण दबूच देत नाही, आणि लोक कॉम्प्रेशनचे (दबण्याच्या डॅम्पिंगचे) क्लिक फिरवत बसतात.