शब्दचर्चा: फुफ्फुसाची सूज, दाह, वण आणि फायब्रोसिस

(प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याच्या वस्तीचं किंवा गावाचं नाव दिलं आहे.)

रेशीमबाग

माझी भाची नागपुरातच फुफ्फुसांच्या आजारांवर संशोधन करते. फुफ्फुसात इन्फ्लमेशन कसं सुरू होतं, आणि बहुतेकांत ते शमून जात असताना काही जणांत त्याच्या मागोमाग फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुस आतून जाड आणि ताठ होणं, का घडतं, हा तिचा विषय. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिला एका मराठी शाळेत आठवी-नववीच्या मुलांशी या कामाविषयी बोलायचं आहे. मजकूर मराठीत उतरवायला तिने मला हाताशी घेतलं आणि आम्ही दोघी पहिल्याच वाक्यापाशी अडलो.

कोशात इन्फ्लमेशनला दाह, प्रदाह, शोथ असे शब्द मिळतात. फायब्रोसिसला तंतुमयता, तंतुभवन. दवाखान्याच्या बाकावर मात्र दोन्हींना एकच शब्द ऐकू येतो, सूज. "बाबाच्या फुफ्फुसावर सूज आली म्हणून राहिले डॉक्टर." भाची म्हणते, हे दोन शब्द एकात मिसळले तर मला सांगण्यासारखं काही उरतच नाही, माझा सगळा प्रश्न त्या दोहोंच्या मधे आहे. मला दोन वेगळे शब्द हवे आहेत, आणि असे की मूल ते घरी जाऊन आजीला सांगू शकेल.

महाल

दाह हा शब्द अर्थाने अगदी नेमका आहे. ‘दह्’ म्हणजे जळणे, आणि इन्फ्लमेशनच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही पेटवणे असाच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने त्याची चार लक्षणं नोंदवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. म्हणजे सूज हे चारांतलं एक लक्षण झालं, संपूर्ण घटना नव्हे. शोथ या शब्दाचा ओढाही सुजेकडेच आहे, म्हणून तो मी बाजूला ठेवेन.

दाहाची अडचण वेगळी. बोलीत "छातीत दाह होतो" म्हटलं की आपण पित्त समजतो आणि थंड दूध देतो. शिवाय जुन्या मराठी पुस्तकांत फुफ्फुसदाह हा शब्द न्यूमोनियासाठी वापरलेला आहे. तेव्हा "फुफ्फुसात दाह" असं लिहिलंत तर पुढच्याच वाक्यात तो कशाचा, हे सांगावं लागेल.

फायब्रोसिससाठी मात्र आपल्याकडे एक घरचा शब्द आहे आणि तो कोशकारांनी का घेतला नाही याचं मला नवल वाटतं: वण. संस्कृतात व्रण म्हणजे जखम. मराठीत येता येता वण म्हणजे जखम भरल्यावर मागे राहते ती खूण. देवीचे वण म्हणणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे. जखम संपली, दुरुस्ती झाली, पण मूळची त्वचा परत आली नाही, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत आहे.

धंतोली

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. ताई, तुमचा प्रश्न माझ्या ओपीडीत रोज समोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘सूज’ म्हटलं की नातेवाइकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग उतरेल कधी?" सूज ही उतरणारी गोष्ट आहे, हे मराठी माणसाच्या कानात पक्कं बसलेलं आहे. इन्फ्लमेशन खरोखर उतरू शकतं. फायब्रोसिसमध्ये वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या, भिंतींत कोलॅजन नावाचं धागेदार प्रथिन साठून ते तिथेच राहतं. माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत सरासरी ४८ कोटींच्या आसपास वायुकोश असतात, आणि त्यांची भिंत इतकी पातळ असते की हवा आणि रक्त यांच्यातलं अंतर एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, कमी भरतं. ती भिंत जाड आणि ताठ झाली की प्राणवायू पलीकडे जायला वेळ लागतो. बसून असताना माणूस ठीक दिसतो, एक जिना चढला की धाप लागते.

आणि ही नुसती शब्दांची गोष्ट नाही. कारण सापडत नाही अशा फायब्रोसिसला, म्हणजे आयपीएफला, डॉक्टरसुद्धा कित्येक वर्षं सुजेचाच आजार समजत होते. आधी दाह, तो चिघळला की वण, अशी साखळी गृहीत होती; मग उपाय म्हणून स्टिरॉइड आणि रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. अमेरिकेत ‘पँथर’ नावाच्या चाचणीत प्रेडनिसोन, अझाथायोप्रीन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे तिन्ही घेणाऱ्यांची तुलना नुसती साखरगोळी घेणाऱ्यांशी केली. औषधांच्या गटात ८ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १. तो भाग मध्येच थांबवावा लागला. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे जे औषध सूज उतरवतं तेच या रुग्णांना घातक ठरलं. आता आपण आयपीएफकडे बिघडलेली दुरुस्ती म्हणून पाहतो: वायुकोशांच्या अस्तराला पुन्हा पुन्हा बारीक इजा होते, टीजीएफ-बीटा हा संदेश सुटत राहतो, मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन विणत राहतात, आणि थांबायची वेळ झाली तरी थांबत नाहीत.

म्हणून ‘वण’ला माझं मत. "फुफ्फुसाला वण पडले आहेत" म्हटलं तर उतरेल कधी, असं कोणी विचारणार नाही. वाढू नये म्हणून काय करायचं, असं विचारतील, आणि तो प्रश्न बरोबर आहे.

एक विनंती, ‘डाग’ हा शब्द चुकूनही वापरू नका. आपल्याकडे छातीत डाग म्हणजे टीबी. फायब्रोसिसच्या एका पेशंटचं ताट-वाटी घरच्यांनी वेगळं काढलेलं मी पाहिलं आहे, रिपोर्ट वाचून कोणीतरी ‘डाग’ म्हटलं एवढ्यावरून.

प्रतापनगर

फायब्रोसिस हाच शब्द ठेवायला काय हरकत आहे? २०२१ च्या एप्रिलमधल्या कोरोनाच्या लाटेनंतर नागपुरात तो कोणाला माहीत नाही? घराघरांत सिटी स्कॅनचा स्कोर पंचवीसपैकी किती हे विचारलं जात होतं. रिपोर्टवर तोच शब्द येतो, औषधाच्या माहितीत तोच. उद्या मुलाच्या आजोबांच्या फाइलमध्ये तो दिसला तर मुलाला ओळखता आला पाहिजे.

रेशीमबाग

हे पटलं. नाव फायब्रोसिस, आणि ते समजावताना वण. तंतुमयता मी सोडून देते. तो शब्द वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. केळफुलाच्या वर्णनातही तो चालेल.

उमरेड

आमचे बाबा कोळसा खाणीत ड्रिलवर होते. त्यांचा खोकला आम्ही लहानपणापासून ऐकला. रिटायर झाल्यावर कळलं का फुफ्फुस आकसलं. डॉक्टरनं आईले समजावलं तेव्हा ती म्हणे, "म्हणजे निबर झालं." भेंडी निबर झाली का कितीही शिजवा, तिचे धागे दाताखाली येतेच. तिनं एका शब्दात बरोबर सांगितलं असं मले अजूनही वाटते. वण म्हटलं का वरवरची खूण वाटते, चेहऱ्यावर असते तशी. निबर म्हटलं का आतून बदललं, हे समजते.

माझा एक प्रश्न आहे डॉक्टर साहेबांना. बाबांनी खाण सोडल्यावरही आजार वाढतच गेला. धूळ बंद झाली, मग वाढला कसा?

धंतोली

भाऊ, आईंचा शब्द फार चांगला आहे. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर श्वास घेताना तळाशी व्हेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखा आवाज येतो. लवचिकपणा गेलेल्या फुफ्फुसाचा तो आवाज.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कोळशाच्या खाणीत भोवतालचा दगडही फोडावा लागतो आणि त्या दगडात स्फटिकरूप सिलिका असते. तिचे बारीक कण वायुकोशात पोचले की भक्षक पेशी ते गिळतात. पण ते पचत नाहीत. पेशी मरते, कण मोकळे होतात, दुसरी पेशी तेच पुन्हा गिळते. प्रत्येक वेळी दाह भडकतो आणि दर वेळी थोडा वण वाढतो. धूळ बाहेर बंद झाली तरी आत गेलेली आतच असते. बाबांच्या छातीचा एक्स-रे, फुफ्फुसक्षमतेची चाचणी, नोकरीचे कागद हे सगळं जपून ठेवा. सिलिकोसिस हा कायद्यानेच नोंद करायचा व्यवसायजन्य आजार आहे.

इथे महालकर सरांच्या शब्दालाही जागा आहे. सिलिकोसिसमध्ये दाह आणि वण हातात हात घालून चालतात, आयपीएफमध्ये तसं नाही. म्हणून दोन्ही शब्द लागतात.

महाल

मग ‘वण’ नाम आणि ‘निबर’ विशेषण, असं का नको? "वायुकोशांच्या भिंतींत वण धरले आणि फुफ्फुस निबर झालं." मराठीत हे वाक्य कुठेही अडत नाही.

प्रतापनगर

कूलरबद्दल कोणीतरी सांगा. त्याने फुफ्फुसं खराब होतात, हे खरं आहे का? नागपुरात मार्च ते जून कूलरशिवाय राहायचं कसं?

धंतोली

कूलर वाईट नाही, न धुतलेला कूलर वाईट. भारतातल्या १९ शहरांतल्या रुग्णांची एक मोठी नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात वायुकोशांच्या भिंतींत दाह किंवा वण होणाऱ्या आजारांच्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता, म्हणजे श्वासातून गेलेल्या बुरशीचे किंवा पक्ष्यांच्या पिसा-विष्ठेचे कण सहन न होऊन भडकलेला दाह. त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी कूलरचा संपर्क नोंदवला गेला. त्यावरून प्रत्येकाचा आजार कूलरनेच झाला असं सिद्ध होत नाही, पण टाकीत महिनाभर साचलेलं पाणी आणि गेल्या वर्षीच्या कुबट वाळ्याच्या ताट्या घेऊन उन्हाळा काढू नये, एवढं नक्की. ताट्या दर वर्षी बदला, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा.

आणि ताई, तुमच्या भाचीच्या भाषणाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. या आजारात सुरुवातीला दाहच असतो. कारण ओळखून दूर केलं, गरज पडली तर स्टिरॉइड दिलं, तर फुफ्फुस पूर्ववत होऊ शकतं. दुर्लक्ष झालं तर वण धरतात. ‘सूज उतरेल’ हे वाक्य इथे वेळेवर खरं असतं, उशिरा खोटं.

रेशीमबाग

कूलर घेतेच, मुलांच्या घरोघरी आहे. भाचीने उंदरांवरच्या प्रयोगाचा भागही मला समजावून सांगितला, तोही शब्दांच्या दृष्टीने महत्त्वाचा निघाला. ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचं औषध, जपानमध्ये हामाओ उमेझावा यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात मिळालेलं. काही रुग्णांत त्यामुळेच फुफ्फुसाला फायब्रोसिस होतं, म्हणून संशोधक ते अगदी थोडं उंदराच्या श्वासनलिकेत सोडतात. पहिल्या आठवड्यात दाह, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वण. पातळ काप करून मॅसन ट्रायक्रोम या रंगवण्याच्या पद्धतीने रंगवले की कोलॅजन निळं दिसतं. निरोगी फुफ्फुसात निळ्या बारीक रेषा, आजारी फुफ्फुसात निळे पट्टे. पण तरुण उंदरात हे वण पुढे बऱ्याच प्रमाणात विरतात. माणसाच्या आयपीएफमध्ये तसं होत नाही. उंदराच्या शरीराला ते कसं जमतं, हेच तिला शोधायचं आहे.

मजकुराचा मुख्य परिच्छेद असा केला आहे, बघा:

"शरीराला इजा झाली की आधी दाह होतो. दाह म्हणजे शरीराने सुरू केलेली लढाई. ती संपली की तो शमतो. जखम मोठी असेल तर तिथे वण राहतो. फुफ्फुसाच्या आत असे वण वाढत गेले तर फुफ्फुस निबर होतं आणि श्वास घेताना पुरेसं फुलत नाही. याला डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. दाहावर औषधं आहेत. वणावर औषध नाही."

धंतोली

शेवटचं वाक्य बदला. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या दोन औषधांना अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली, आपल्याकडेही ती मिळतात. झालेला वण ती पुसत नाहीत, पण त्याची वाढ मंदावतात. त्या वर्गात एखादं मूल असं असेल ज्याचे आजोबा घरी ऑक्सिजनवर आहेत. ते मूल "औषध नाही" एवढंच घरी घेऊन जाईल. "झालेला वण पुसणारं औषध अजून नाही, वण वाढण्याचा वेग कमी करणारी औषधं आहेत" असं लिहा. ‘लढाई’ही काढा, दाह कधी कधी विनाकारणही भडकतो, कूलरच्या बुरशीशी लढायची शरीराला काहीच गरज नसते. "शरीराने दिलेली पहिली प्रतिक्रिया" पुरे.

रेशीमबाग

दोन्ही बदलले.

उमरेड

ताई, भाचीले विचारा का आमच्या शाळेत येईल का. इथल्या निम्म्या पोरांचे बाप खाणीत आहेत. मार्चात परीक्षा लागते, त्याच्या आधी जमलं तर बरं होईल.